मिटण्याचा आठवडा

डंडीत, पर्थ रोडजवळच्या आमच्या प्रयोगशाळेत
मंगळवारी अंडी येतात,
फाइफमधल्या एका शेतावरून, पुठ्ठ्याच्या ट्रेमधून,
एखाद्या कवचाला पीस चिकटलेलं असतं.
मी प्रत्येकावर पेन्सिलनं वेळ लिहिते
आणि अडतीस अंशांच्या उबेत ठेवून देते.
कोंबडी नाही. एक पेटी आहे, बारीक घुमणारी.

तीस-एक तासांनी कवचाला खिडकी पाडायची.
पिवळ्यावर एक फिकट रेघ दिसते,
पाटीवर ओढून बोटानं अर्धी पुसल्यासारखी.
आधी सगळं सपाट असतं,
नुसता एक पदर, त्यात अजून कुणी नाही.
मग मधोमध पन्हळ पडते,
काठ उठतात,
एकमेकांकडे वाकतात, टेकतात.
करंजीच्या कडेवरून आई दुधाचं बोट फिरवायची,
फट राहिली तर तेलात फुटेल, म्हणायची.
इथे दूध नाही, बोट नाही,
आणि तरी बहुतेक वेळा
फट राहत नाही.

आत गेलं त्याचा मेंदू, त्याचा कणा,
बाहेर उरलं त्याचं कातडं.
शिवणीवरच्या काही पेशी मात्र
धड आत राहत नाहीत, धड बाहेर.
त्या चालू लागतात.
कुणी जबड्याचं हाड होते, कुणी कातडीचा रंग,
कुणी मूत्रपिंडाच्या डोक्यावर बसून
भीतीच्या वेळचं रसायन बनवते.
त्यांना कुणी विचारत नाही, मूळच्या कुठल्या?
मला बसस्टॉपवर दर आठवड्याला विचारतात.

एल्स्पेथ एकतीस वर्षं इथे काप काढतेय.
सात मायक्रॉनचा काप, श्वास रोखून.
नव्या मुलींना ती एकच गोष्ट सांगते:
गोळी आधी घ्यायची. कळल्यावर नव्हे, आधी.
एकदा चहा गार होईपर्यंत गप्प बसून
म्हणाली, माझा भाऊ. एकाहत्तर साल.
पाठीचं खालचं टोक मिटलंच नव्हतं.
नऊ दिवस.
शेजारणी म्हणाल्या, डाग पडलेले बटाटे खाल्लेस.
आई मरेपर्यंत आठवत राहिली
काय उचललं, काय खाल्लं, कुणावर चिडले.

फेब्रुवारीत माझ्या पट्टीवर दोन रेघा आल्या.
पाळी लांबली ती थंडीनं, असं मी धरून चालले होते.
मग कॅलेंडर घेऊन उलट मोजत गेले.
बाविसावा दिवस ते अठ्ठाविसावा:
जानेवारीचा शेवटचा आठवडा.
काय करत होते मी?
सोमवारी गॅसच्या बिलावरून फोनवर भांडले.
मंगळवारी अंडी.
बुधवारी निरुपमशी वाद, न जेवता झोपले.
गुरुवारी इतका वारा की टे नदीवरच्या पुलावर
उंच गाड्यांना बंदी.
गोळ्या खणात होत्या. काही घेतल्या.
किती, ते आठवत नाही.
शुक्रवारी दिवसभर काप रंगवले,
दुसऱ्याच कुणाची मिटलेली नळी, निळी, गोल, सुबक.
तिच्याकडे बघून मी छान म्हटलं,
आणि माझ्या आत
तेच काम चालू होतं, मला न विचारता,
कदाचित त्याच मिनिटाला.

विसाव्या आठवड्यात, नाइनवेल्सच्या अंधाऱ्या खोलीत
पोटावर गार जेल.
पडद्यावर मणक्यांच्या दोन ओळी, दातांसारख्या बारीक.
ती बाई मानेपासून मोजत उतरली,
कमरेपाशी थांबली.
यंत्र मागे घेतलं, पुन्हा टेकवलं.
माझ्याही आईला विचारावंसं वाटलं,
माझ्या वेळी त्या आठवड्यात तू कुठे होतीस?
तिला ठाऊक नसणार. कुणालाच नसतं.
मग बाई पुढे सरकली, बटण दाबलं,
म्हणाली, हं.

बाहेर येऊन एल्स्पेथला फोन केला.
तिनं मुलगा की मुलगी विचारलं नाही.
म्हणाली, खालपर्यंत?
म्हटलं, खालपर्यंत.
पलीकडे नुसतं पेटीचं घुमणं ऐकू आलं बराच वेळ.
मग म्हणाली, अंडी आलीत. एकतीस.
एक तडकलंय.