दरफलक

साहेब सोमवारी तपासायला येणार
म्हणून शनिवारी मला बोलावणं आलं.
निपाणीत आता सगळं फ्लेक्सवर छापतात,
पण फ्लेक्सवाला दोन दिवस मागत होता
आणि माझ्याकडं शिडी होती.

खोतशेट म्हणाले, दस्तगीर,
कानडी वर, ठसठशीत.
मराठी खाली, जमलं तर.
लायसनचा नंबर घाल, मुदत घाल,
मग तारणी कर्ज चौदा टक्के,
बिनतारणी सोळा.
स्थळाला मुलीचं वय सांगावं
तसे हळू आवाजात सांगितले त्यांनी आकडे.

कानडीत साल म्हणजे कर्ज.
मराठीत साल म्हणजे वर्ष.
तिसरीत मास्तरांनी विचारलं होतं, साल किती?
मी म्हणालो, अब्बाला ठाऊक.
सगळा वर्ग हसला.
अब्बा हसले नाहीत.

शिडीवर चढलं की मला हिशेब सुटतात.
शेकड्याला तीन, महिन्याला.
बारा त्रिक छत्तीस.
थोरल्याच्या आयटीआयला घेतलेले वीस हजार,
दर पाच तारखेला सहाशे,
पावती नाही, सिगारेटच्या पाकिटावर टिपण.
आणि हातातला ब्रश
सोळातल्या सहाचं पोट भरतोय.

'वार्षिक' दोन्ही भाषांत एकच.
तो मी दोनदा लिहिला,
काना, रफार, वेलांटी
सगळं जागच्या जागी.

दूधगंगेपल्याड, कागलला,
शेटच्या मेव्हण्याचं दुकान.
तिकडं कायदा वेगळा, फलक वेगळा,
आकडाही वेगळा म्हणे.
पाकीट त्याच सिगारेटचं.

मजुरी नऊशे ठरली होती.
शेटनी पाकीट काढलं, सहाशे वळते केले,
तीनशे हातावर ठेवले.
"ह्या महिन्याचं सुटलं बघ तुझं."
मी आभार मानले.
तोंडातनं निघालेच.

तेवढ्यात वखारीतनं सुटलेली हौसाक्का आली,
पदराच्या गाठीत बुगड्या,
अंगाला तंबाखूचा ठसका.
"काय लिवलंयस रं?"
वाचून दाखवलं. तारण असलं तर चौदा, अक्का,
वर्षाला.
तिनं मान वर करून
पहिल्यापासनं शेवटपर्यंत पाटी बघितली,
अक्षर येत असल्यासारखी.
"बरं हाय," म्हणाली.
"कुणाला देत्यात असलं?"

आतनं शेट म्हणाले,
अक्का, टेकू नका तिथं, रंग ओला आहे.
ती सरकली,
चप्पल काढून आत गेली,
आणि गाठ दातानं सोडू लागली.

मी शिडी मिटवली.
वखारीकडनं वारा आला,
दोन्ही भाषांवर सारखीच भुकटी बसली.

"सोमवारपर्यंत वाळंल न्हवं?"
"उद्याच वाळंल की, शेट.
चांगल्यातला इनॅमल हाय.
धा वर्षं
आकडा हलायचा नाही."