सातवा रकाना

रेटफर्डला नोव्हेंबरात चारलाच अंधारतं.
स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप,
बाजूला विरजण लावलेलं पातेलं, टॉवेलात गुंडाळून,
आणि मी पडद्यावर एक देश उभा करायला बसलेली.

सॉफ्टवेअर फुकट आहे. म्हणजे पैसे पडत नाहीत;
बाकी सगळं द्यावं लागतं.
पहिली संध्याकाळ ते नुसतं बसवण्यात गेली.
एक लायब्ररी हवी, तिला आणखी एक हवी,
तिला जुनं पायथन. नव्याशी तिचं पटत नाही.
लग्नातले मानपान यापेक्षा सोपे.

दुसऱ्या रात्री सरावाला दिलेला देश चालवला:
तीन वीजघरं, एक शहर, थोडा वारा.
चालला.
मग त्याचं नाव पुसून मी आमचा ट्रेंटचा काठ लिहिला
आणि तो चालेना.

'उत्तर नाही' एवढंच म्हणालं. चुकलं कुठे, ते नाही.
म्हणून आत उतरले, कोडच्या तळघरात,
तर आठशे बाराव्या ओळीवर कुणीतरी लिहून ठेवलेलं:
हे तात्पुरतं आहे. नंतर नीट करू. सॉरी.
तारीख नऊ वर्षांपूर्वीची. नाव इल्का.
बाई की बाप्या, ठाऊक नाही.
या देशात दिवसातून चाळीसदा सॉरी ऐकते मी.
हे पहिलं, जे खरं वाटलं.

आमच्याकडे विरजण शेजारून आणायचे,
चमचाभर.
कुणाचं कुणाकडून आलं, हिशेब कोणी ठेवत नसे.
इथे ठेवतात. ओळीओळीमागे नाव, तारीख, वेळ.
रात्री तीन वाजतासुद्धा
कुणी कुणासाठी काही लावून ठेवलेलं.

अडत होतं ते जानेवारीतल्या एका संध्याकाळी,
सहा वाजता, वारा पडलेला असताना.
मग मी तुटीला जागा करून दिली:
मागणी पुरी झाली नाही तरी चालेल, दंड भरा.
सॉफ्टवेअर तिला लांबलचक नाव देतं.
मी तिला परभणीपासून ओळखते. भारनियमन.
गिरणीसमोर दळणाचे डबे, झाकणांवर नावं,
माणसं घरी गेलेली,
आणि रांग कुणी मोडत नसे.

रविवारी शेजारचे क्लिफर्ड आले, परसातले दोन लीक घेऊन.
एकतीस वर्षं नदीकाठच्या कोळशाच्या वीजघरात, बहुतेक रात्रपाळी.
चष्मा लावून आलेखावर बोट फिरवलं.
"हे असं उतरत नाही," म्हणाले.
"बटण दाबलं, विझलं, असं नसतं ते.
गार पडलं की पुन्हा तापायला सकाळ उजाडते."
मी चढउताराचा दर बदलला.
रेघ जरा त्यांच्या ओळखीची झाली.

"आणि हा सातवा रकाना कसला?"
आयुर्मान, मी म्हटलं. वीजघराचं.
आकडा होता चाळीस.

बराच वेळ बघत राहिले. लीकची माती टेबलावर सांडत होती.
"आमचं बावन्न चाललं.
वरची बारा कुणाच्या खात्यात?"

चाळीस खोडून बावन्न लिहिलं. चालवलं.
वाऱ्याच्या निळ्या पट्ट्याला वर यायला उशीर झाला,
धूर तेवढा वाढला.
त्यांनीही पाहिलं. मी काही बोलले नाही.
"हं," म्हणाले, "तो धूर होताच.
मॅरियन रोज खिडक्या पुसायची."

ते गेल्यावर दोन ओळी परत पाठवल्या, माझ्या पहिल्याच.
शेजारी नोंद केली:
हा दर क्लिफर्डनी सांगितला. रात्रपाळी, एकतीस वर्षं.
इल्काच्या ओळीला हात लावला नाही.
तिच्यावर बरंच काही उभं आहे.

पातेल्याचं झाकण उचलून पाहिलं.
लागलं नाही अजून. थंडी फार.
पुन्हा टॉवेल गुंडाळला. सकाळी बघू.