चार बाय पाच

बुधवारच्या बाजारात, गोदेच्या काठी,
बंद पडलेल्या सलूनचा आरसा मिळाला.
अडीचशे म्हणाला, दीडशेत दिला.
कोपऱ्यात लाल अक्षरं : दाढी वीस रुपये.

सिडकोतली आमची न्हाणी चार बाय पाच.
पिंपळगावचा द्राक्षांचा क्रेट झाला फळी,
तांबट लेनमधल्या मोडीतून पितळी नळ,
उरल्यासुरल्या फरशा, एकीला एक न जुळणाऱ्या.
सुदामने सिमेंट कालवलं, मी सांधे भरले.
नळ अजून थोडा ठिबकतो.

आरसा मुद्दाम खाली लावला,
स्टुलावर बसलेल्या माणसाच्या उंचीला.

आज तात्या, लकव्यानंतर पहिल्यांदा,
आतून कडी लावून बसले.
अर्धा तास नुसतं पाणी वाजत होतं.
बाहेर आले. हनुवटीवर कापसाचा बोळा,
आणि माझ्या हातावर
वीसची नोट, ओली.