एकोणतीस फेब्रुवारीचं पान

हे पुस्तक माझं नाही.
तसं ते कुणाचंच नाही.
आतल्या कोऱ्या पानावर नावं आहेत, एकाखाली एक,
दुकानाच्या वहीतल्या उधारीसारखी:
एफी पार्डी. ड्रुसिला. खाडीपलीकडची मॉड.
मग हेझल, माझी सासू.
आणि शेवटी पेन्सिलीनं मी, वर्ना.
पेन्सिलीनं,
कारण मी ते ठेवून घेणार नव्हते.

रोज एक पान. वर तारीख, तिच्याखाली वचन,
मग धीराचे चार परिच्छेद.
लिहिणारा कुठल्याशा उबदार मुलखातला असावा.
त्याचा देव सफरचंदाच्या बागेत भेटतो,
गव्हाच्या कापणीत भेटतो.
आमच्या न्यूफाउंडलंडच्या या टोकाला
माती इतकी थोडी
की माणूस पुरायचा तर तीही होडीतून आणतात.

म्हणून बागेशेजारी, समासात,
एफीनं लिहून ठेवलंय: 'म्हणजे कॉड.'
गव्हाशेजारीही: 'कॉड.'
द्राक्षवेलीपाशी ती जरा थांबली असावी, शाईचा ठिपका आहे.
मग: 'हेही कॉडच.'

दोन जुलैच्या पानावर ती गोष्ट येते,
जाळी फाटेस्तोवर मासे लागतात ती,
होड्या काठोकाठ.
तिथे हेझलचं तिरकं अक्षर:
'आज रेडिओवर सांगितलं. कॉडची मासेमारी बंद'
पुढे पूर्णविरामही नाही.

हेझल.
उपासनेला पहिल्या बाकावर,
पाळकांची चूक झाली तर ओठांनी वचन दुरुस्त करणारी.
मला वाटायचं, हिची श्रद्धा खळ घातलेल्या कॉलरसारखी,
कधी चुरगळतच नाही.

नऊ नोव्हेंबर: 'पटलं नाही.'
दहा: 'आजही नाही.'
अकरा: 'नुसतं वाचलं.'
पुढे नुसत्या बारीक रेघा,
रोजची एक, कामावर हजेरी लावावी तशी.
सतरा दिवस.
आणि त्यानंतरच्या पानावर:
'एफी, तू इथे लिहिलेलं चष्मा लावून वाचलं.'

मीही दिव्याखाली धरून वाचलं.
फिकट, जवळजवळ पाण्यानं लिहिल्यासारखं:
'चूल पेटली. आज एवढंच.'

कुठल्या साली, कोण गेलं होतं, काय झालं होतं,
काही नाही.
चूल पेटली.

माझा लायल अल्बर्टात असतो, तेलाच्या खाणीवर.
तीन आठवडे तिकडे, एक आठवडा घरी,
असं ठरलं होतं.
मग चार आठवडे झाले, मग सहा.
आज अकरावा दिवस, फोन नाही.
मी विचारत नाही कुणाला.
विचारलं की उत्तर द्यावं लागतं समोरच्याला.
रात्री जेवणाच्या टेबलाशी बसते,
चहा गार होतो,
सफरचंदवाला बोलत राहतो, भला माणूस आहे,
पण मी त्याच्यासाठी पान उलटत नाही.
मी कडेकडेनं चालते,
जिथे बायका बोलतात.

आज एकोणतीस फेब्रुवारी.
हे पान कडक आहे अजून, पांढरं.
चार वर्षांतून एकदा येतं,
आणि आलं तेव्हा प्रत्येकीला काही ना काही निघालं असेल:
बाळंतपण, वादळ, फुटलेला नळ.
समास कोरा.
एफी नाही, मॉड नाही, हेझलची रेघसुद्धा नाही.

खाडीत बर्फ एकमेकावर घासतोय, दात खाल्ल्यासारखा.
गावात दिवा लागणारी घरं अकरा उरली.
शाळेला फळ्या ठोकल्या त्याला दोन वर्षं झाली.
माझ्यानंतर हे पुस्तक कुणाच्या हाती द्यायचं,
मला खरंच ठाऊक नाही.

पेन्सिल सापडली होती. ठेवून दिली.
खणातून पेन काढलं, अंगठ्यावर ओढून पाहिलं, चालतंय.

'वारा ईशान्येचा. लायलचा फोन नाही.
दुसरा परिच्छेद पटला, बाकीचे नाही.
पुढची जी कोण असशील:
या पानाला वेळ लागतो.
तोवर बाकीची आहेत.'