टीपकागद

निपाणीत, शाळेच्या मागच्या खोलीत,
तंबाखूचं हिरवं पान आम्ही खलात चेचलं.
वर स्पिरिट. वास पार नववी ब पर्यंत.
कोरवी सरांनी टीपकागदाची पट्टी
कपात लोंबती सोडली. म्हणाले, बघत बसा.

हिरवा जड. खालीच रेंगाळला.
त्याच्या अंगातून सुटून
पिवळा चढत गेला, एकटा, बराच वर.

'ऊन रांधतो हिरवा,
जास्तीचं ऊन झेलतो हा.
पानात होताच की, दिसत नव्हता.'

शालन मगदूम हसली. तिची आई वखारीत.
'ह्योच की सर,
हिरवा मेल्यावर दलाल
बोट लावून भाव सांगतो, त्यो.'

पट्टी मी वहीत ठेवली.
परवा सापडली:
हिरवा उडालेला,
पिवळाही बराचसा.
कडेला शालनच्या अक्षरात तारीख,
आणि बोटाचा एक डाग,
कुणाचा, आठवत नाही.