मागे जाण्याची मुदत

जुलैत गालात्समध्ये डॅन्यूबसुद्धा तापते,
तिच्यावरून येणारा वारा भट्टीपाशी उभा राहून आलेला.
झेनोव्हियाबाईंच्या चौथ्या मजल्यावर पडदे ओढलेले,
आणि कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात, घड्याळाला खेटून,
महिनाभर ठाण मांडून बसलेली एक पांढरी चौकट :
नवी सिस्टिम घ्या. मोफत.

मोफत म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवायला नको.
कारखान्यात एकदा मोफत बूट मिळाले होते,
दोन्ही डाव्या पायाचे.
एकदा तर कारखान्यांचे हिस्सेच फुकट वाटले देशभर;
ते कागद पुढे मुरंब्याच्या बरण्यांखाली घालायला झाले.
म्हणून चौकट आली की त्या फुलीवर बोट दाबत,
दारातल्या फेरीवाल्याला
"घरात कुणी नाही" म्हणावं तसं.

मार्चपासून ते खरंही होतं.

कॉम्प्युटर कोस्ताकेचा.
बंदरात एकतीस वर्षं क्रेन चालवली त्यानं.
निवृत्त झाल्यावर हा घेतला, हप्त्यानं,
आणि रोज दुपारी रेडिओवर नदीची पातळी सांगत,
वरच्या गावापासून खालच्या गावापर्यंत,
तेव्हा एकेक आकडा रकान्यात उतरवत राहिला.
कशाला, म्हटलं तर म्हणे,
एवढं पाणी दारावरून जातं, कुणी मोजायला नको?

"तान्ती, शुक्रवारी मुदत संपते,"
शेजारचा व्लादुत्स म्हणाला, "मग पैसे पडतील."
पैसे पडतील म्हटलं
की फुकटाचा चेहरा जरा सोज्वळ दिसू लागतो.

त्यानं आधी सगळं एका करंगळीएवढ्या काडीत भरून घेतलं.
"आठ वर्षांचं पाणी," बाई म्हणाल्या, "एवढ्यात मावलं?"

मग टक्के सुरू झाले.
पडद्यावर लिहून आलं : बंद करू नका.
यंत्र अनेकदा बंद पडून पुन्हा सुरू होईल.
हे आधी सांगितलं, बरं केलं.
कोस्ताकेच्या वेळी डॉक्टर असलं काही बोलले नव्हते.
बत्तीसवर आकडा अडला.
त्या आंबट चेरींच्या बिया काढत बसल्या,
कोपरापर्यंत लाल हातांनी येऊन पाहिलं : बत्तीस.
व्लादुत्स खुर्चीतच झोपला, तोंड उघडं टाकून.
रात्री दोनला त्यांनी यंत्राच्या पाठीवर तळवा ठेवला.
ऊब होती.

सकाळी नवा, निळा पडदा म्हणाला :
नमस्कार, कोस्ताके.
तुमच्या सगळ्या वस्तू तुम्ही ठेवल्या तिथेच आहेत.

हे बाईंनाही ठाऊक होतं.
चष्मा, सायकलची किल्ली, दाढीचा ब्रश,
सगळं तिथेच.

प्रिंटर मात्र कायमचा रुसला.
आणि सुरू होतानाचा तो चार सुरांचा आवाज,
पहाटे पाचला भिंतीपलीकडून यायचा,
ज्याला त्यांनी उशीत तोंड खुपसून शिव्या घातल्या,
तो गेला.
आता यंत्र मोजे घालून उठतं.

"नाहीच आवडलं," व्लादुत्सनं एक बटण दाखवलं,
"तर तीस दिवसांत मागे जाता येतं."
"मागे? किती मागे?"
त्याला प्रश्न कळला नाही.
कळला असेल, तर तसं त्यानं दाखवलं नाही.

तेवीस, बावीस. बाई बटण उघडून बघत, बंद करत.
अकराव्वा दिवस उरला असताना रेडिओ लागलेला राहिला
आणि ती यादी सुरू झाली, त्याच कोरड्या आवाजात.
त्यांनी रकाने उघडले.
मार्चच्या नवव्या तारखेखाली पांढरं, पांढरं, पांढरं.
नदी काही थांबली नव्हती,
पण माहीत नसलेलं पाणी कसं लिहायचं?
त्या खाली खाली सरकत गेल्या, आजवर,
आणि एका बोटानं, 'तीन' शोधायलाच वेळ लागला,
टाइप केलं.

बटण कधी नाहीसं झालं, ते पाहायचं राहूनच गेलं.
त्या दिवसाची नोंद आहे :
गालात्स, तीनशे बारा. नऊने उतार.