हात काढून टाका

बोबडे एसटीतून उतरून थेट दुकानात आले. पिशवीत टॉवेल,
टॉवेलात पुठ्ठा, पुठ्ठ्यावर फोटो.
"माह्या पंज्याचे बाप, माणिकजी. याले मोठा कर.
अन् हा हात काहाडून टाक, कोनाचा हाये कोन जाने."

मागे फिकट जांभळा शिक्का :
पेरुमल मुदलियार, कामठी.
म्हणजे बैलगाडी, गवतात गुंडाळलेल्या काचा,
आर्वीच्या बाजारात जिनाच्या कुंपणाला लागून राहुटी,
उत्तरेची कनात तेवढी उघडी.

मी पासपोर्ट फोटो काढतो, सहा प्रती साठ रुपये.
मला कळतं या माणसाचं काम.
त्यानं माणिकजींना सरळ बसवलं नाही.
खुर्ची तिरपी, एक गुडघा पुढे,
म्हणजे पोट धोतराच्या निऱ्यांत विरतं.
वरचा कोन पगडी. एका बाजूला काठी,
दुसऱ्या बाजूला घडवंचीवर उभं केलेलं लेकरू,
खाली तिपाई, तिच्यावर जाड पुस्तक, उलटं.
मागे रंगवलेला खांब, कठडा आणि तळं,
तळ्यात रंगाऱ्यानं कमळांऐवजी शिंगाडे काढलेत.
गालिचा संपतो तिथं शेणसडा लागतो.
बूट मापाचे नाहीत, टाच मोकळी.
बुटांमागे तिसरा पाय, लोखंडाचा :
मान धरणारा चिमटा त्याच्यावर उभा.

झाकण काढून मुदलियारनं आठ मोजले असतील,
तमिळमध्ये की मराठीत, कोण जाणे.
तेवढ्यात लेकरानं डोकं वळवलं,
म्हणून त्याला दोन तोंडं. दोन्ही धुरकट.

हात कडेवरून आत आलेला, लेकराच्या कंबरेला.
चारशे टक्के मोठा करून पाहिला :
पाच बांगड्या, एक पिचलेली,
मनगटावर गोंदलेली तुळस,
नखांत काळं, ती बहुधा हळद.
त्या काचांवर पिवळं काळंच उतरायचं.
अख्ख्या फोटोत एवढंच सुईसारखं स्पष्ट.
माणिकजींना चिमट्यानं धरलं होतं. लेकराला हातानं.
हाताला कोणी?

मी हात काढला. पैसे घेतले होते.
खांबाचा तुकडा उचलून तिथं बसवला, कठडा वाढवला,
शिंगाड्याचं एक पान.
सोपं असतं. तान्ही पोरं येतात फोटोला,
आई मागे पांढरी चादर ओढून बसते,
मी बोटं पुसतो, चादरीची भिंत होते.
वर्षाला दीडशे आया तरी.

परवा बोबडे आले. चष्मा वर केला, खाली केला.
"हे पोट्टं पडते काय बे?"

खरंच. कंबरेतून कललेलं,
आणि कलण्याला आता कारण उरलं नव्हतं.
पगडीपासून तिपाईपर्यंत उतरणारी रेघ
त्याच्याबरोबर घसरत होती.
कॅमेरा एक वीत सरकवला असता तर
हात तेव्हाच बाहेर राहिला असता.
मुदलियारनं सरकवला नाही.

हात परत आणला. या प्रतीचे पैसे नाही घेतले.
बोबड्यांनी दोन्ही टॉवेलात गुंडाळल्या, दारात थांबले.
"थे कोन असंल मंग?"

मी चादर झटकत होतो.
बाकावर एक बाई केव्हाची बसलेली, मांडीवर तान्हं.
"दादा," ती म्हणाली, "मी कुठी बसू?"